डोंगरपट्ट्यात घर-जमीन: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी ठाण्यात आणि वाडवडिलांचं घर शहापूर तालुक्यात, असा माझा दोन्हीकडचा संसार आहे. त्यामुळे घोडबंदर रोडपासून ऐरोली-नेरूळपर्यंतची ओळखीची माणसं ‘तुमच्या बाजूला एखादा तुकडा बघा ना’ म्हणून सांगत असतात. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. मी वकील नाही. कागदाच्या बाबतीत शेवटचा शब्द तालुक्याला महसुली कामं करणाऱ्या वकिलाचाच घ्या. त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं इथून कळेल.

डोंगरपट्टा म्हणजे नेमका कुठला भाग? तिथे थंड हवा असते का?

ठाणे जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले आहेत. कसारा घाट, डोळखांब, आजोबाचा डोंगर, पुढे माळशेज, गोरखगड, सिद्धगड अशी डोंगराची ओळ दक्षिणेकडे जाते. आसनगावजवळचा माहुली या ओळीपासून जरा सुटा उभा आहे. ८५८ मीटर उंचीचा हा डोंगर. गावं बहुतेक पायथ्याला, काही माचीवर, काही मधल्या पठारांवर. एका महसुली गावात चार-पाच पाडे किंवा वाड्या, आणि एका पाड्यातून दुसऱ्यात जायला कधी कधी अर्धा तास चाल.

थंड हवेचं म्हणाल तर नाही. एप्रिल-मेमध्ये पायथ्याला कातळ तापतो आणि दुपारी माणूस ओटीवरून हलत नाही. रात्री गारवा येतो, हिवाळ्यात शेकोटी लागते. ज्यांना बारा महिने गार हवा हवी, त्यांनी घाटावर जावं. पण मग जिल्हाही बदलतो आणि शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री जेवायला पोचण्याचा बेतही.

मी शेतकरी नाही. शेतजमीन घेता येईल का?

थेट नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता खरेदीखत केलं तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. प्रादेशिक आराखड्यात राहण्यासाठी किंवा इतर बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला सूट आहे, पण डोंगरपट्ट्यात अशी जमीन थोडी.

ठाण्यात राहणाऱ्या निम्म्या लोकांना ते शेतकरी आहेत हेच माहीत नसतं. साताऱ्याला, रत्नागिरीला, जुन्नरला आजोबांची जमीन असते. आजोबा गेले, वडील गेले, पण वारसनोंद कुणी केलीच नाही. आधी तिकडे जाऊन स्वतःचं नाव सातबाऱ्यावर लावून घ्या. महाराष्ट्रात कुठेही शेतकरी असाल तर शहापूर-मुरबाडला शेतजमीन घेता येते. ‘शेतकरी दाखला पाच हजारात काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसाचा चहासुद्धा घेऊ नका.

सातबारा हातात आला. त्यात काय बघायचं?

बहुतेक जण मालकाचं नाव आणि क्षेत्र बघून कागदाची घडी घालतात. खरी गोष्ट उजव्या बाजूच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असते.

पण सुरुवात डावीकडून करू. भूधारणा पद्धती बघा. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर जमीन साधारणपणे मोकळेपणी विकता येते. ‘वर्ग २’ असेल तर विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मग क्षेत्र. ते हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. ०.२०.०० म्हणजे २० आर, बोलीभाषेत वीस गुंठे. काटेकोर हिशेबात गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. क्षेत्राखाली ‘पोटखराबा’ दिसेल. डोंगराळ गटात (गट म्हणजे स्वतंत्र क्रमांकाचा जमिनीचा तुकडा) तो बराच असतो: कातळ, नाला, घसरणीचा भाग. दलाल भाव सगळ्या क्षेत्राचा सांगतो, आपल्या कामाची जमीन मात्र त्यातली काहीच असते.

आता इतर हक्क. इथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं असेल तर ती जमीन कधीकाळी कुळाला मिळालेली आहे. तिच्या विक्रीवर बंधन होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन विकत घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ते सुटतं. रक्कम किरकोळ असते, तेव्हा विकणाऱ्याकडून आधीच भरून घ्या. पतपेढीचा किंवा सेवा सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, ‘वन’ हा शब्द, विहिरीतला हिस्सा, दुसऱ्याची वहिवाट हे सगळंही याच रकान्यात सापडतं.

खाली फेरफारांचे, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. ते सगळे काढा. जुने हातानं लिहिलेले मिळतील, वाचायला त्रास होईल, तरी काढा. जमीन या माणसाकडे कशी आली, मध्ये कुणाचं नाव अचानक गळलं, कुणी हरकत घेतली होती का, हे फेरफारातच कळतं. आमच्या शेजारच्या गावात एका फेरफारात ‘सदर इसम मयत, वारस नाहीत’ असं लिहिलेलं होतं आणि त्या मयताची लेक दोन पाड्यांपलीकडे नांदत होती.

डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. ते स्वतः काढा, दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

जमीन आदिवासींची आहे. ‘परवानगी काढून देतो’ असं दलाल म्हणतो. घ्यावी का?

नाही. एवढ्यावरच थांबलो असतो, पण लोक पुन्हा विचारतात.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे इथले मूळ रहिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेनं. दारूच्या, लग्नाच्या, दुखण्याच्या पैशांपोटी या लोकांच्या जमिनी किती गेल्या, हे बघूनच १९७४ साली कायदे करून जमिनी परत देण्याची सोय झाली. त्यामुळे नोटरीचा कागद, साठेखत, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, दुसऱ्या आदिवासीच्या नावावर घेऊन ठेवणं या सगळ्या पळवाटा आज ना उद्या उलटतात, आणि उलटाव्यातच. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टाही असाच: तो वारसांना जातो, विकता येत नाही.

हायवेवर फलक आहे: ‘निसर्गाच्या सान्निध्यात तीन गुंठे, स्वतंत्र सातबारा’. खरं असतं का?

फलकाचा रंग खरा असतो.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे धरलं जातं. त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून तोडून विकता येत नाही. यावर विकणाऱ्यांचा तोडगा असा, की वीस गुंठ्यांच्या एका सातबाऱ्यावर सहा-सात जणांची नावं लावायची. प्रत्येकाला वाटतं आपला प्लॉट कुंपणाच्या आत आहे. कायद्याने मात्र सगळ्यांचा सगळ्यात अविभाजित हिस्सा असतो. उद्या पाच क्रमांकाच्या प्लॉटवाल्याने कर्ज बुडवलं किंवा सही द्यायला नकार दिला की सगळे अडकले. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्या आहेत. त्या तुमच्या गटाला लागू आहेत का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

शेतघर बांधण्यालाही अट आहे. महसूल संहितेच्या कलम ४१ खाली शेतघरासाठी धारण क्षेत्र ०.४ हेक्टरच्या वर लागतं, म्हणजे साधारण एकर. तीन गुंठ्यांत ‘फार्महाऊस’ कसं बसतं ते विकणाऱ्यालाच विचारा. रीतसर बिगरशेती झालेला, मंजूर रेखांकनातला प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा दोन्ही मागा, आणि आदेशातल्या अटी शेवटपर्यंत वाचा.

वनखात्याचा काय संबंध? जमीन तर खाजगी आहे.

या जिल्ह्यात ‘खाजगी वन’ हा शब्द ऐकला नसेल असा जमीनमालक नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि अनेक खाजगी गट कागदोपत्री वनात गेले. काहींवर जुन्या नोटिसांचे शेरे दशकांनंतर चढले, लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. म्हणून गटाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयातही करायची. शिवाय शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे आणि मुरबाडच्या बाजूने भीमाशंकर अभयारण्याचा भाग उतरतो; त्यांच्या लगत बांधकामावर वेगळी बंधनं येतात.

आणि झाडं. आपल्या जमिनीतला साग आपणच लावला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. सपाटीकरण करून मुरूम बाहेर नेला तर तो गौण खनिजात मोडतो आणि तहसीलदारांचा दंड मुरुमाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. जेसीबीवाला हे कधीच सांगत नाही.

त्यापेक्षा गावठाणातलं जुनं कौलारू घर घेतलं तर?

माझ्या मते शहरातल्या माणसासाठी हा सर्वांत शहाणा मार्ग. गावठाणातल्या घराला कुळकायद्याच्या कलम ६३ ची अडचण येत नाही, शेजार असतो, वीज असते, रस्ता असतो.

कागदाचा घोळ मात्र इथेही आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून ‘घर माझ्या नावावर आहे’ असं सांगतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, बऱ्याच गावांत सनद आणि मिळकत पत्रिका मिळाल्या. तुमच्या घराची मिळकत पत्रिका झाली आहे का आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते आधी बघा. घर गावठाणाबाहेर, कुणाच्या तरी शेतात किंवा गायरानात बांधलेलं असेल तर सोडून द्या.

विकणारा म्हणतो बहिणींचा काही प्रश्न नाही, त्या सही देतील. मग?

देतील तेव्हा देतील. विसार त्यानंतर द्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच असल्याचं पक्कं केलं. ‘लग्नात दिलं होतं तेव्हा’ याला किंमत नाही. बहिणींनी एकतर खरेदीखतावर सह्या कराव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. शंभराच्या मुद्रांकावर अंगठा घेतलेला कागद चालत नाही.

यात एक गोष्ट मनात ठेवा. गावात बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, म्हणून त्या गप्प बसतात. तुम्ही बाहेरचे आलात, जमिनीला भाव आला, की पहिल्यांदा त्यांना बोलायला जागा मिळते. हे चांगलंच आहे. त्यांच्याशी तुम्ही स्वतः, भावांच्या अपरोक्ष, एकदा बोला. पुढची दहा वर्षं कोर्टात जाण्यापेक्षा एक दुपार गेलेली बरी.

गटाला रस्ता आहे, असं सगळे सांगतात. पुरेसं आहे का?

नकाशावर आहे का ते विचारा. गावात माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावरून जातात. बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो. तोवर कुणाचं काही म्हणणं नसतं. शहरवाला आला, त्याने घर बांधायला डंपर आणला, की बांधाच्या मालकाला आठवतं की ही वाट आपली आहे. पूर्वापार वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मिळणारा रस्ता शेतीपुरता असतो आणि तोही बांधावरून. त्यापेक्षा वाटेच्या मालकाकडून नोंदणीकृत करार आधीच करून घ्या.

याच वेळी सरकारी मोजणीही करून टाका. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येतो, खुणा दाखवतो, नंतर मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंचे कब्जेदार हजर हवेत. तो दिवस शक्यतो पाऊस आणि आवणी (भाताची लावणी) सोडून घ्या. चिखलात कुणी खुणा शोधायला येत नाही.

पाण्याचं काय? धरणं तर सगळी तिथेच आहेत.

हाच खरा प्रश्न आहे आणि तो फारच थोडे विचारतात.

तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा: मुंबईला पाणी देणारी ही धरणं शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास. ठाण्यात तुमच्या नळाला येणारं बरंचसं पाणी भातसेचं, पिसे बंधाऱ्यावरून उचललेलं. तानसा धरण तर १८९२ चं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो उतारावरून चार महिन्यांत वाहून जातो, खाली काळा कातळ, पाणी मुरायला जागा कमी.

एप्रिलच्या शेवटी आमच्या बाजूच्या वाडीत काय चालतं ते सांगतो. टँकर येतो तो भांड्यात पाणी देत नाही, विहिरीत ओततो. कठड्याभोवती बायका दोर सोडून उभ्याच असतात. पाणी पडलं की एकदम पंचवीस-तीस पोहरे खाली जातात, दोर एकमेकांत अडकतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत तळाचा गाळ वर यायला लागतो. मागे राहिलेली एखादी पोरगी विहिरीत उतरून वाटीने झिरपा भरते. जल जीवन योजनेचा नळ दारात आहे. उद्भवातच, म्हणजे जिथून पाणी उचलतात तिथेच, पाणी नसलं की तो नुसता उभा असतो.

म्हणून जमीन बघायला मे महिन्यात जा. जुलैत सगळीच जमीन धबधब्याशेजारची असते. विहीर दाखवली तर विचारा, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं आणि तिच्यात हिस्सेदार किती. बोअरचा भरवसा धरू नका. कातळात फट लागली तर पाणी, नाही तर तीनशे फुटांची धूळ, आणि पैसे दोन्हीचे सारखेच.

चालण्यासारखा उपाय छपराचा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने दोन लाख लिटर. त्यातलं वीस-पंचवीस हजार लिटर जमिनीखालच्या टाकीत साठवता आलं तर शनिवार-रविवार येणाऱ्या कुटुंबाचा उन्हाळा निघतो. आणि कृपा करून लॉन आणि पोहण्याचा तलाव करू नका. शेजारच्या वाडीत बाई दीड किलोमीटरवरून हंडा आणत असताना तुमच्या हिरवळीवर फवारे उडाले, तर त्या गावात तुम्हाला कधीच माणूस मिळणार नाही.

पावसाळ्यात घराची किती देखभाल लागते?

कौलारू घर असेल तर मे महिना त्याचाच. याला शाकारणी म्हणतात. ओळीने कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचं, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचे. माकडं वर्षभर उड्या मारून कौलं सरकवतात. कुठून गळतं ते पहिल्या सरीला कळतं आणि तेव्हा वर चढायला कुणी मिळत नाही, कारण सगळं गाव राबात (भाताच्या रोपांच्या कामात) आणि मग आवणीत असतं. शाकारणारा माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवा.

पश्चिमेकडून येणारी झड भिंतीत मुरते. जुन्या लोकांनी त्या बाजूला पडवी ठेवली आणि छप्पर खाली ओढलं, ते उगाच नव्हे. शहरातले आर्किटेक्ट तिथेच मोठ्या काचा लावतात, दरी दिसावी म्हणून. जुलैत दरी दिसत नाही. धुकं दिसतं आणि काचेच्या चौकटीतून आत आलेलं पाणी दिसतं. बंद घरात गाद्यांना बुरशी चढते, चामड्याच्या चपला हिरव्या होतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीला मुंग्या लागतात. पंधरा दिवसांतून एकदा घर उघडून चूल पेटवणारं कुणीतरी हवंच.

डोंगरालगत घर बांधणं धोक्याचं आहे का?

जागा बघून. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळवाडी नवी मुंबईपासून फार लांब नाही. तीव्र उताराच्या तळाशी, ओढ्याच्या तोंडाशी, किंवा उतार कापून तयार केलेल्या सपाटीवर घर नको. वरच्या बाजूला जमिनीला नवी भेग, कलत चाललेली झाडं, एकाएकी फुटलेला झरा किंवा अचानक गढूळ झालेलं पाणी दिसलं तर पावसाचा जोर ओसरेपर्यंत तिथे झोपायचं नाही. सूर्यास्त दिसावा म्हणून कड्याला चिकटून बांधलेल्या बंगल्यांकडे गावातले म्हातारे कसे बघतात, ते एकदा पाहा.

वीज, मोबाइल, इंटरनेट?

महावितरणची वीज जवळजवळ सगळीकडे आहे. पावसात झाड तारेवर पडलं की एक-दोन दिवस गेले. मोबाइलची रेंज पाड्यागणिक बदलते. घर घेण्याआधी त्या ओटीवर उभं राहून फोन लावा. घरून काम करणाऱ्यांनी एकाच कंपनीच्या भरवशावर येऊ नये.

दवाखाना किती लांब? साप-विंचवाची भीती वाटते.

प्राथमिक आरोग्य केंद्र बहुधा सात-आठ किलोमीटरच्या आत असतं, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या कामाला कल्याण किंवा ठाणे. १०८ ची रुग्णवाहिका येते, मात्र पाड्याच्या शेवटच्या चढापर्यंत येईलच असं नाही. वय झालेल्या आई-वडिलांना कायमचं ठेवायचा विचार असेल तर हा हिशेब आधी करा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप इथे आहेत. घराभोवती दगडांचे आणि लाकडांचे ढीग नकोत, रात्री बॅटरी आणि पायात बूट हवेत, झोपायचं ते जमिनीवर नको, पलंगावर मच्छरदाणीत. चावलाच तर मांत्रिक नाही, चिरा नाही, आवळून बांधणं नाही. अंग हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, तिथे प्रतिसर्पविष मिळतं. लाल विंचवाचा दंशही जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून माणसं वाचू लागली आहेत, पण वेळेत पोचायला हवं.

तिथे राहून रोज ठाण्याला नोकरीवर येता येईल?

आसनगाव-आटगावपर्यंत येतात लोक, हजारोंनी. ठाण्याहून आसनगाव सव्वा तासाच्या आत-बाहेर, कसारा पावणेदोन तास. गाडीची वेळ चुकली तर पुढची कधी, हे कल्याणपुढे राहणाराच जाणतो; त्यात मेल-एक्स्प्रेस पुढे काढण्यासाठी लोकल थांबवून ठेवतात. स्टेशनवरून पुढे एसटी किंवा काळी-पिवळी जीप, आणि ती भरल्याशिवाय निघत नाही. मुरबाडकडे रेल्वे नाही, कल्याणहून रस्ताच. तरुण माणूस वर्षभर काढतो, नंतर कल्याणला खोली बघतो.

समृद्धी महामार्ग झाला. आता भाव वाढणारच ना?

इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि त्याआधीपासूनच शहापूरचे भाव त्याचं नाव घेऊन सांगितले जात होते. महामार्गावर वाटेल तिथे चढता-उतरता येत नाही. इंटरचेंजपासून तुमचा गट किती लांब, तेवढंच बघा. डोळखांबपलीकडच्या वाडीला समृद्धीचा भाव लावणारा माणूस तुम्हाला विकतोय, गुंतवणूक शिकवत नाहीये. पाच वर्षांत पैसे दुप्पट करायचे असतील तर इकडे येऊ नका. अशी जागा विकणारा पटकन मिळतो, पुढे आपल्याकडून विकत घेणारा मिळत नाही.

गावातले लोक बाहेरच्यांना सामावून घेतात का?

घेतात, पण तुम्ही आल्याआल्या तारेचं कुंपण घातलं नाही तर. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात आणि पेरणीपर्यंत सगळी शेतं सगळ्यांची, अशी इथली रीत आहे. तुमच्या गटातून गुरांची पाण्यावर जायची वाट असेल तर तिथे फाटक ठेवा. देवीची जागा, वेताळाचा दगड, स्मशानाची वाट आपल्या हद्दीत निघाली तर तिला हात लावायचा नाही. फेब्रुवारीपासून वणवे लागतात. कुंपणाच्या आतबाहेर दहा-बारा फुटांचं गवत कापून जाळरेषा काढताना शेजाऱ्यांना हाक मारा, तेही आपल्या बांधाची त्याच दिवशी काढतील.

लग्नाचं, बारशाचं बोलावणं आलं तर जायचं. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेला गावाबरोबर जा, घोंगडी घ्या, बैलबाजार बघा. तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तरी बोलताना भाऊसाहेबच म्हणा. मजुरीचा दर गावात चालतो तोच द्या; जास्त दिलात तर लहान शेतकऱ्याला आवणीला माणूस मिळत नाही आणि तो राग तुमच्यावर राहतो. पहिल्या पावसात कुणी शेवळं ही रानभाजी आणून दिली तर सोबत काकडं ही आंबट फळंही मागून घ्या, नाही तर घसा खाजेल. आणि बदल्यात पैसे पुढे करू नका. पुढच्या खेपेला ठाण्याहून मुलांसाठी वह्या घेऊन जा.

खरेदीनंतर लगेच काय करायचं?

फेरफारासाठी पाठपुरावा. नोंद घेतली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ती मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव दिसेपर्यंत विकणाऱ्याला द्यायच्या पैशातला थोडा भाग राखून ठेवता आला तर ठेवा. पुढे वर्षातून एकदा सातबारा काढून बघत जा, आणि दर हंगामाला पीकपाहणी लावा.

एवढं सगळं वाचून घ्यायची इच्छाच गेली. दुसरा मार्ग आहे का?

आहे. भाड्याने घ्या. गावागावांत पोरं कल्याण-भिवंडीला गेल्यामुळे कुलूप लागलेली घरं आहेत. मालकाला भाड्यापेक्षा घर उघडं राहतंय याचं समाधान जास्त असतं. लेखी करार करा, शाकारणी कुणी करायची ते त्यात लिहा, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा असा पूर्ण फेरा तिथे काढा. बहुतेक कुटुंबांना त्यात कळतं की त्यांना जमीन नको होती, महिन्यातून दोन रात्री ओटीवर झोपायला हवं होतं. ते भाड्यात भागतं. ज्यांना त्यानंतरही घ्यावीशी वाटते, त्यांना तोवर गावातलेच कुणीतरी सांगतात की अमक्याच्या गटावर भानगड आहे, तो घेऊ नका, त्याच्या पलीकडचा बघा.